गाडी उजवीकडे ओढते

माझा मोठा भाऊ सोळा वर्षं ट्रक चालवत होता. उंद्रीला आमचं घर रस्त्याला लागूनच आहे, त्यामुळे तो कधी आला हे कुणी सांगावं लागायचं नाही. तो घरासमोर आला की दोनदा हॉर्न द्यायचा आणि वहिनी हातातलं शिवण ठेवून चहाचं आधण चढवायची. मी तेव्हाही चिखलीलाच होते. लग्नानंतर तिथल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले, अजून तेच करते.

एके दिवशी त्याचा डावा हात गिअरवरून सुटला. मेहकरच्या अलीकडे चढ होता, तिसरा गिअर पडेना. त्याला वाटलं हात अवघडला असेल. मग तसं वरचेवर व्हायला लागलं. डब्याचं झाकण उघडेना, शर्टाची गुंडी लागेना. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी हाताला सुया टोचून, वीज देऊन तपासण्या केल्या, आणि भाऊ वहिनीसोबत आत बसलेला असताना मला बाहेर जिन्यापाशी बोलावलं. स्नायूंकडे जाणाऱ्या नसा सुकत जाणारा आजार आहे, म्हणाले. डाव्या हातापासून सुरू झालाय. पुढे कुठं आणि किती लवकर जाईल ते सांगता येत नाही, थांबवता मात्र येत नाही. मी विचारलं, मग आम्ही करायचं काय? ते म्हणाले, "हात वापरात ठेवा, पण दमू देऊ नका."

एवढं एकच वाक्य घेऊन मी परत आले. करण्यासारखं काहीतरी सांगितलं होतं, म्हणून मी ते घट्ट धरून ठेवलं.

भाऊ घरी बसला. ओसरीत खुर्ची टाकून तो रस्त्याकडे तोंड करून बसायचा. आवाजावरून तो सांगायचा की गाडी भरलेली आहे की रिकामी, आणि ड्रायव्हर नवा आहे की जुना. "हा पोट्टा क्लच जाळून राह्यला," असं काहीतरी पुटपुटायचा. वहिनी मशीनवर ब्लाउज शिवत बसायची आणि हं हं करायची. दर रविवारी मी स्कुटीवरून जायचे, दोन तास बसायचे, आणि परत येताना मला वाटायचं, आपण नुसतं बघायला जातो.

त्याच सुमाराला आमच्या क्लासमध्ये नवे कॉम्प्युटर आले आणि जुने निघाले. त्यातला एक मी मागून घेतला. एक जुनं ग्राफिक कार्ड मिळवून त्यात बसवलं आणि ट्रक चालवायचा एक गेम टाकला. खामगावच्या एकाकडून वापरलेलं स्टेअरिंग घेतलं, खाली पायाशी ठेवायच्या दोन पॅडलांसकट. स्टेअरिंग टेबलाच्या कडेला शिकंज्यानं आवळावं लागतं. आमच्या घरात तसं मजबूत टेबल एकच होतं, वहिनीच्या शिलाई मशीनचं. मशीन उचलून बाजूला ठेवलं आणि तिथं स्टेअरिंग बसवलं.

"काय वं, हे काय आनलं?" भावानं विचारलं. "मी काय लहान पोरगं हाये?"

"हातासाठी आहे. डॉक्टरांनी सांगितलं ना, हात वापरात ठेवा म्हणून."

तो बसला. परदेशातले रस्ते होते, गाड्या उजव्या बाजूनं चालायच्या. दहा मिनिटं शिव्या घालत चालवली. मग शिव्या थांबल्या. तासाभरानं वहिनी म्हणाली, "जेवता की तिकडंच ढाब्यावर थांबता?" तेव्हा तो भानावर आला आणि हसला. कितीतरी महिन्यांनी मी त्याला हसताना पाहिलं.

पण तो जुना कॉम्प्युटर विंडोजवर धापा टाकायचा. मोकळ्या रस्त्यावर ठीक चालायचं. शहर जवळ आलं, की चित्र गचकन थांबायचं आणि मग उडी मारून पुढं जायचं. तेवढ्यात ट्रक कुठंतरी आदळलेला असायचा. भावाला ते सहन व्हायचं नाही. सोळा वर्षांत त्यानं गाडीला खरचटू दिलं नव्हतं.

"डिझेलात कचरा हाये याच्या," तो म्हणायचा. "पाय ना जरा."

मी पाहायला लागले. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा दिसेल अशी सोय केली. सेकंदाला किती चित्रं बदलतात तो आकडा. चाळीसच्या पुढं असला की डोळ्यांना सलग दिसतं, विशीत आला की अडखळतं. आमचा शहरात शिरताना पंधरा-सोळापर्यंत पडायचा. मी चित्रांचा बारकावा कमी केला, सावल्या बंद केल्या, झाडं विरळ केली. फार फरक पडेना. मग कुठंतरी वाचलं की अशा जुन्या कार्डावर लिनक्स बरं चालतं, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी दुसरी, फुकट प्रणाली. क्लासमध्ये मी लिनक्सचा एक धडा शिकवत होते, पण गेम खेळायला ते कधी वापरलं नव्हतं.

डिस्कचे दोन भाग केले. एकात विंडोज ठेवलं, दुसऱ्यात लिनक्स टाकलं. चालू करताना कोणतं हवं ते निवडायचं. आमचा गेम विंडोजसाठी बनवलेला, म्हणून लिनक्सवर तो चालवायला मध्ये एक दुभाष्या प्रोग्रॅम लागायचा. मला वाटलं, आधीच थकलेलं मशीन, त्यात दुभाष्या, म्हणजे आणखी हळू होणार.

मग आमचे रविवार तसेच जायला लागले. एकच रस्ता ठरवला. एका बंदरापासून निघायचं, दोन बोगदे, एक टोलनाका, आणि शहरातल्या गोदामात माल उतरवायचा. तोच ट्रक, तेवढाच माल, गेममधला पाऊस बंद. आधी विंडोजवर एक फेरी, मग लिनक्सवर. भाऊ चालवायचा आणि मी बाजूला स्टुलावर बसून कोपऱ्यातला आकडा पाहत राहायचे. तो आकड्याकडे कधीच पाहायचा नाही.

"आकडा काय पायतं? हाताले समजते ना."

लिनक्सवर पहिल्या फेरीत गाडी विंडोजपेक्षा जास्त अडखळली. मी हिरमुसले. भाऊ म्हणाला, "दुसरी फेरी घेऊन पाहू." दुसऱ्या फेरीत तोच रस्ता बराच सुरळीत गेला, तिसरीत तर चित्र एकदाही थांबलं नाही. दुभाष्या पहिल्यांदा जे उलगडतो ते जपून ठेवतो, हे मला नंतर वाचून कळलं. भावाला त्यात काही नवल वाटलं नाही. म्हणाला, "नव्या रस्त्यावर कोन्ताही ड्रायव्हर चाचपतच जाते."

शहरात शिरतानाही आकडा आता तिशीच्या खाली येत नव्हता. मला इतका आनंद झाला की मी वहिनीला ओढत आणून तो आकडा दाखवला. ती बिचारी म्हणाली, "हो, तीस हाये." आणि पुन्हा पोळ्यांकडे गेली.

पण भाऊ खूश नव्हता. विंडोजवर स्टेअरिंगला वजन यायचं. वळणावर ते हाताला विरोध करायचं, खड्ड्यात थरथरायचं. लिनक्सवर ते नुसतं गरगर फिरायचं, आणि अर्धा वेढा दिला की गाडी पूर्ण वळायची.

"हे स्टेअरिंग मेलेलं हाये," तो म्हणाला. "याच्यात जीव नाई."

"याला ड्रायव्हर मिळाला नाही," मी म्हणाले.

"ड्रायव्हर मी बसलो ना अठी! अजून कोन पायजे?"

मी त्याला समजावलं की कॉम्प्युटरला स्टेअरिंगची ओळख पटवून देणाऱ्या प्रोग्रॅमलाही ड्रायव्हरच म्हणतात. तो एवढा हसला की त्याला ठसका लागला. मग गंभीर होऊन म्हणाला, "मंग मले विंडोजच दे. अडकते तर अडकते, पन हाताले गाडी लागते."

गुळगुळीत रस्ता हवा तर स्टेअरिंग मेलेलं, आणि जिवंत स्टेअरिंग हवं तर रस्ता अडखळणारा. महिनाभर हे असंच चाललं. शेवटी इंटरनेटवर सापडलं की जगात कुठंतरी बसलेल्या एका माणसानं या स्टेअरिंगसाठी स्वतःच ड्रायव्हर लिहून फुकट ठेवलाय. तो बसवायला मला तीन रविवार लागले. एकदा ऐन वेळी लाईन गेली, एकदा मीच काहीतरी चुकवलं आणि लिनक्स सुरूच होईना. तिसऱ्या रविवारी दुपारी ते स्टेअरिंग आपोआप डावीकडे फिरलं, उजवीकडे फिरलं आणि मधोमध येऊन थांबलं.

भावानं हात ठेवले. बंदरातून गाडी काढली. पहिल्या वळणावर स्टेअरिंगनं विरोध केला तेव्हा त्यानं माझ्याकडे न पाहता मान हलवली. शहर आलं, गाडी अडली नाही. गोदामात उलटी गाडी लावायची होती. वहिनी दारात उभी राहून पाहत होती. त्यानं एका झटक्यात लावली, कुठंही न घासता.

"आता झाली गाडी," तो म्हणाला.

मी त्या दिवशी परत येताना अमडापूरच्या पुढं स्कुटी थांबवून थोडा वेळ नुसती उभी राहिले. मला वाटत होतं की मी काहीतरी बरं केलंय. खरं तर मी एक कॉम्प्युटर बरा केला होता. पण त्या दिवशी मला त्यातला फरक कळत नव्हता.

तीन-चार महिने चांगले गेले. वहिनीनं मशीनसाठी दुसरं टेबल करून घेतलं, म्हणजे आता दोघं समोरासमोर बसायची. ती शिवायची, तो माल पोचवायचा. डाव्या हाताची बोटं वळली होती, पण उजवा हात भक्कम होता, आणि उजव्या हातावर तो सगळं निभावून न्यायचा. डावा नुसता चाकावर टेकलेला असायचा.

मग एका रविवारी मला दिसलं की सरळ रस्त्यावर गाडी उजवीकडे सरकतेय. अगदी थोडी. रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर चाक गेलं की खरखर आवाज यायचा आणि तो ती परत मध्ये आणायचा. पुढच्या रविवारी ती खरखर जास्त वेळा ऐकू आली.

"गाडी उजवीकडे ओढते का रे?" मी विचारलं.

"थोडीशी."

"ड्रायव्हरचा घोळ असेल. मी पाहते."

मी पाहायला लागले. स्टेअरिंगचा मध्य पुन्हा ठरवून दिला. त्या परक्या माणसाच्या ड्रायव्हरची नवी आवृत्ती आली होती, ती बसवली. मग ती काढून जुनी बसवली. दुभाष्याच्या तीन वेगवेगळ्या आवृत्त्या लावून पाहिल्या. क्लासमध्ये मुलं टायपिंग करत असायची आणि मी मोबाईलवर हेच वाचत असायचे की लिनक्सवर स्टेअरिंग एका बाजूला का ओढतं. कुणीतरी लिहिलेलं, केबल बदला. केबल बदलली. कुणी लिहिलेलं, आत धूळ जाते. स्टेअरिंग उघडून पुसलं. एवढं करून दर रविवारी तोच रस्ता आणि तीच खरखर.

शेवटी ठरवलं की विंडोजवर तपासायचं. कितीतरी दिवसांत विंडोज उघडलंच नव्हतं. सुरू व्हायलाच त्यानं पाव तास घेतला. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं की विंडोजच बरं निघावं. तिथं गाडी सरळ चालली असती तर दोष लिनक्सचा ठरला असता, आणि तो कसाही करून मी काढला असता.

भावानं बंदरातून गाडी काढली. अडखळत अडखळत पहिला बोगदा पार केला. सरळ रस्ता लागला आणि गाडी उजवीकडे सरकली.

मी म्हणाले, "जरा उठ. मी चालवून पाहते."

वहिनीनं त्याला धरून उठवलं. मी बसले. मला ट्रक चालवता येत नाही, गेममधलाही नाही. पण सरळ रस्त्यावर नुसतं स्टेअरिंग धरायचं होतं. विंडोजवर गाडी सरळ गेली. मी बंद केलं आणि लिनक्स सुरू केलं. तिथंही गाडी सरळ गेली. मी हात सोडले तरी सरळच जात होती.

मी कितीतरी वेळ ती तशीच जाऊ दिली. मागं वळून पाहण्याची हिंमत होत नव्हती. शेवटी टोलनाक्याच्या खांबाला जाऊन आदळली तेव्हा वळले.

भाऊ पलंगाच्या काठावर बसला होता. उजवा हात मांडीवर, तळवा वर. मी इतके रविवार त्या हाताच्या बाजूला बसून पडद्याच्या कोपऱ्यात पाहत होते. तो हात आता स्टेअरिंग धरत नव्हता. खांद्यातलं बळ गेलं होतं, म्हणून तो चाकाला लोंबकळत होता, आणि त्याच्या वजनानं गाडी उजवीकडे जात होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीच्या आधीपासून असन."

"मग बोलला काऊन नाहीस?" माझ्या तोंडी एरवी क्लासची भाषा असते, पण त्या वेळी 'का'च्या जागी 'काऊन'च आलं.

तो म्हणाला, "तू मशीन तपासून राह्यली होती ना. म्या म्हटलं तपासू दे. मशीनचाच घोळ निघाला तर बरंच हाये."

वहिनीनं शिलाई मशीनचं चाक हातानं थांबवलं. तिलाही माहीत होतं. सकाळी दाढी तीच करून द्यायला लागली होती, रविवारी मी यायच्या आधी.

त्यानंतर मी जे करत गेले ते सगळं कमी करण्याचंच होतं. स्टेअरिंगला किती वजन द्यायचं ते एका पट्टीवर ठरवता येतं. इतक्या खटपटीनं आणलेलं ते वजन मी दर थोड्या दिवसांनी थोडं उतरवत गेले. संक्रांतीला निम्मं होतं, होळीला अगदी नावापुरतं. मग शून्य. मग स्टेअरिंग काढून कीबोर्डची बटणं दिली. मग सगळी बटणं बंद करून दोनच ठेवली. लिनक्समध्ये हे सगळं हवं तसं बदलता येतं, विंडोजवर मला इतकं जमलं नसतं. पण हे मी कोणाला आणि कशासाठी सांगणार होते? कॉम्प्युटर पूर्वीपेक्षा छान चालत होता. कोपऱ्यातला आकडा आता चाळिशीच्या खाली येत नव्हता. मी तो दिसायचा बंद करून टाकला.

पुन्हा संभाजीनगरला जाऊन आलो. डॉक्टरांनी एक गोळी बदलली. श्वासाचा व्यायाम सांगितला. मी त्यांना विचारलं, हात जास्त वापरल्यामुळं तर नाही ना झालं हे? तास तास बसायचा तो. ते म्हणाले, नाही, त्यानं काही फरक पडला नसता. हे त्यांनी माझी समजूत काढायला सांगितलं की खरंच तसं आहे, मला माहीत नाही. 'फरक पडला नसता' याचा अर्थ त्याचा फायदाही झाला नव्हता, असाच होतो.

ती दोन बटणंही त्याला दाबता येईनाशी झाली तेव्हा मला वाटलं, गेम संपला. कॉम्प्युटर झाकून ठेवायला मी टेबलक्लॉथ घेतला, तर भाऊ म्हणाला, "हिले बसव." वहिनीला.

"मले?" वहिनी म्हणाली. ती कधी सायकलवरही बसली नव्हती.

मी स्टेअरिंग पुन्हा टेबलाला आवळलं. तिनं ते धरलं परातीची कड धरावी तसं. तो पलंगावर उशांना टेकून बसायचा आणि सांगायचा. "सोड. सोड हळूच. आता डावी. ब्रेक, ब्रेक, अवं ब्रेक!" पहिल्या दिवशी तिनं बंदरातच चार गाड्यांना ठोकलं. पण पायांनी तिला साथ दिली. वीस वर्षं शिलाई मशीन चालवलेले पाय होते, किती दाबायचं ते त्यांना बरोबर कळायचं. महिन्याभरात ती पहिल्या बोगद्यापर्यंत जायला लागली. भाऊ मला म्हणाला, "पायात हुशार हाये ही. हाताची घाई करते फक्त." जवळच्या बुद्धविहारातून येणाऱ्या बाया दारात थांबून पाहायच्या, आणि वहिनी लाजून गाडी कडेला घ्यायची.

मग त्याचं बोलणं जड व्हायला लागलं. आधी लांब शब्द गेले, मग जोडाक्षरं. 'ब्रेक' हा शब्द त्याला म्हणता येईना. 'बेक' म्हणायचा, मग तेही नुसतं हवेसारखं निघायचं. आता तो डोळ्यांनी सांगतो. एकदा मिटले की ब्रेक, दोनदा मिटले की चल. डावीकडे-उजवीकडे तर तो पाहतोच.

वहिनीला एकाच वेळी रस्ता आणि त्याचे डोळे पाहता येत नाहीत. म्हणून रविवारी मी पलंगापाशी बसते, त्याच्या तोंडाकडे तोंड करून, पडद्याकडे पाठ. तो डोळे मिटतो, मी मोठ्यानं म्हणते, "ब्रेक!" वहिनी पाय दाबते. तो मिटणार, मी पाहणार, मी बोलणार, ती ऐकणार, एवढं होईपर्यंत बहुतेक वेळा गाडी आदळलेली असते. माझ्या पाठीमागून तो आवाज येतो. मी कितीही लक्ष दिलं तरी ते मधलं अंतर मला कमी करता आलेलं नाही.

परवाच्या रविवारी लागोपाठ तीनदा आदळली. वहिनी रडकुंडीला आली, म्हणाली, "राहू द्या आज." त्यानं तिच्या पाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहून दोनदा डोळे मिटले. मी म्हणाले, "चल म्हणतोय." तिनं पदरानं तोंड पुसलं आणि गाडी मागं घेतली.